इरकल नेसलेली मोलकरीण

अव्वाकडं, म्हणजे आईकडं, मी तिचं लग्नातलं इरकल लुगडं मागितलं, तेव्हा ते कशासाठी हवंय हे अर्धंच सांगितलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जुन्या सिनेमातला एक प्रवेश करतोय आणि त्यात मला काम आहे, एवढंच मी फोनवर बोलले. काम कुणाचं, हे तिनं विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती एसटीनं जयसिंगपूरहून कोल्हापूरला आली आणि हॉस्टेलच्या दारात कापडी पिशवी माझ्या हातात दिली. लुगडं जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं, घडीत कडुनिंबाचा पाला होता. गडद हिरवं अंग, दातेरी नक्षीचा लाल-पांढरा टोप पदर. माहेराहून आलेलं ते एकच लुगडं तिनं जपून ठेवलं होतं.

"हिरॉईन इरकल नेसती काय?" तिनं कानडीत विचारलं. घरात आम्ही कानडीच बोलायचो.

"या सिनेमात नेसते," मी म्हणाले.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. अप्पांचं जयसिंगपुरात बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांचं मराठी इतकं साफ झालं होतं की, त्यांची भाषा कुठली हे कुणाला ओळखू यायचं नाही. अव्वा मात्र सीमेपलीकडच्या खेड्यातली. मराठी ती लग्नानंतर शिकली, शेजारणींकडून आणि भाजीवालीकडून. कानडीत तांब्या, भाकरी, घर या वस्तूंना बाई-पुरुष नसतात. त्यामुळं मराठीत भाकरी बाई का आणि तांब्या पुरुष का, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ती म्हणायची, "भाकरी झाला, जेवायला ये." लहानपणी यात काही वेगळं आहे हेसुद्धा मला कळत नव्हतं. हॉस्टेलला आल्यावर कळलं.

हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत एक कोडोलीची होती, एक गगनबावड्याची. दोघी झक्क कोल्हापुरी बोलायच्या. "मी जातो गं," "मी मगाशीच आलतो." मुलींनी स्वतःबद्दल असं पुरुषी बोलायचं, हे इथलं रोजचंच. मीही तसंच बोलायला शिकले आणि त्यांच्यात मिसळून गेले. आमच्या घरी कानडी बोलतात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अव्वाचा फोन रेक्टरबाईंच्या खोलीत यायचा. ती पलीकडून कानडीत बोलायची, मी इकडून मराठीत, तेही हळू आवाजात.

आमच्या मराठीच्या सरांना जुन्या सिनेमांचं वेड होतं. कोल्हापूरच्या स्टुडिओंत पन्नास-साठच्या काळात निघालेल्या प्रेमकथा, त्यातल्या गमतीजमतीच्या, त्यांना पाठ होत्या. कुठल्याशा जुन्या वितरकाकडून रिळं मिळवून ते रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचे. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार करायचा, मध्येच रीळ तुटलं की सगळ्यांनी बाहेर जाऊन चहा प्यायचा. मी त्यातला एकही सिनेमा चुकवला नाही.

गोष्ट साधारण सारखीच असे. नायिका शिकलेली, गोरी, तोऱ्यातली. नायक बेकार पण हसरा. तो कधी गायनमास्तर होऊन तिच्या घरात शिरे, कधी खोटा डॉक्टर. भांडण, गैरसमज, मग गाणं. दोघंही जे बोलत ते पुण्याचं मराठी. "मी येते हं," असं ती नायिका म्हणायची आणि खोलीवर आल्यावर आम्ही तिघी आरशासमोर उभ्या राहून "मी येते हं" म्हणून बघायचो. सिनेमा कोल्हापुरात काढलेला, पण कोल्हापुरी बोलायचा तो घरगडी नाहीतर गावाकडनं आलेला मामा. त्यानं "व्हय की पावणं" म्हटलं की हॉलमधली पोरं हसून लोळायची. बाहेर चहाच्या गाडीवर तीच पोरं तसंच बोलायची.

आणि जवळपास प्रत्येक सिनेमात एक मोलकरीण असायची. ती कानडी हेल काढून मराठी बोलायची, सगळी लिंगं उलटीपालटी. "साहेब गेली, बाईसाहेब आला." तिचं आणि घरगड्याचंही प्रेम असायचं, पण ते हसण्यापुरतं. नायक-नायिकेचं गाणं झालं की त्याच बागेत या दोघांचं विनोदी गाणं. तेव्हा मला यात काही खटकलं, असं म्हटलं तर खोटं होईल. मी सगळ्यांबरोबर हसत होते. शेजारच्या मुलीपेक्षा जरा जास्तच, कारण मी हसले नाही तर तिला काहीतरी समजेल, अशी भीती वाटायची.

गॅदरिंगसाठी सरांनी त्या धाटणीचा एक छोटा प्रवेश लिहिला. मला नायिकेच्या मैत्रिणीचं काम होतं, चार वाक्यांचं. मोलकरणीचं काम करणारी मुलगी हुशार होती पण तिला तो हेल जमेना. तिसऱ्या तालमीला सर वैतागले. मी बसल्या जागेवरून सहज म्हणाले, "अगं, असं म्हण," आणि ते वाक्य अव्वाच्या आवाजात म्हणून दाखवलं.

सगळे थांबले आणि मग इतके हसले की सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते म्हणाले, "हे कुठून उचललंस?"

"सिनेमातनं, सर."

काम माझ्याकडं आलं. त्या दिवसापासून मी अव्वाला तुकड्यातुकड्यांनी उचलत गेले. बोलण्याआधी ओठ किंचित पुढं काढणं. वाक्याच्या शेवटी "री" लावणं. समोरच्याचं मराठी कळलं नाही तर आधी हसणं, मग मान हलवणं. दर वेळी लोक हसायचे आणि मला आणखी काहीतरी आठवायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. शेवटी मी सरांना म्हणाले की, मोलकरीण इरकल नेसलेली असेल तर आणखी मजा येईल. हे मीच सुचवलं. कुणी मला भाग पाडलं नाही.

गॅदरिंग दुपारचं होतं. अव्वा येणार नाही अशी मी समजूत करून घेतली होती, कारण अप्पांना दुकान सोडवत नसे आणि ती एकटी समारंभाला कधी जात नसे. पण प्रवेश सुरू होण्याआधी मी विंगेतून बघितलं तर ती तिसऱ्या रांगेत बसलेली. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. शेजारी कुणीतरी प्राध्यापकांच्या घरची बाई.

त्या क्षणी मी काहीतरी करू शकले असते. लुगडं बदलता आलं असतं, निदान हेल तरी कमी करता आला असता. मी विचार केला तो एवढाच, की आता कमी केलं तर हशा येणार नाही.

मी रंगमंचावर गेले. तोंड उघडायच्या आधीच, नुसतं लुगडं बघून लोक हसले. मग मी बोलले आणि हॉल दणाणून गेला. नायक म्हणून उभ्या असलेल्या मुलाला मी "या बाई, बसा" म्हटलं. नायिकेचं पत्र तिच्याच वडिलांना दिलं. तालमीत नसलेली एक गोष्टही मी तिथं केली. टेबलावर चहा सांडला होता, तो मी पदरानं पुसला, त्याच पदरानं कपबशी पुसली आणि शेवटी त्याच पदरानं तोंड. शिट्ट्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेकडं एकदाही बघितलं नाही.

मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मैत्रिणींच्या गराड्यातून बाहेर आले तर अव्वा व्हरांड्यात एका बाजूला उभी. मी आत जाऊन लुगडं सोडलं आणि घडी करून आणून दिलं. तिनं ती घडी उघडली, पदरावरचा चहाचा डाग बघितला आणि पुन्हा घडी घातली, माझ्यापेक्षा नीट. कोडोलीची मैत्रीण धावत आली. "काकू, तुमची लेक लई भारी हाय हो," ती म्हणाली. अव्वा हसली आणि मान हलवली.

स्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. वाटेत मी खूप बोलले, सरांबद्दल, बक्षिसाबद्दल, जेवणाबद्दल. गाडी लागल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "नीट जेवत जा." हे ती मराठीत म्हणाली. माझ्याशी ती मराठीत कधीच बोलत नसे.

त्यानंतर माझ्या ओळखीच्या माणसांसमोर अव्वानं मराठी बोलणं जवळपास सोडलं. सुट्टीत मैत्रिणी घरी आल्या की ती ताटं वाढायची, "हो", "नाही", "घ्या" एवढंच म्हणायची. माझ्या लग्नात तिनं आलेल्या प्रत्येकाला हात जोडले. सासूबाईंनी नंतर मला विचारलं, "तुझ्या आई फार अबोल आहेत का गं?"

"हो, पहिल्यापासून," मी म्हणाले.

जी बाई भाजीवालीशी अर्धा अर्धा तास हुज्जत घालायची, गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला सल्ले द्यायची, तिच्याबद्दल मी हे बोलले.

दहाएक वर्षं गेली. मी कोल्हापुरातच ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवू लागले होते. एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्याच जुन्या गमतीदार प्रेमकथांवर मी लेखमाला लिहीत होते. तोवर थोडं वाचन झालं होतं, डोळे थोडे उघडले होते. या सिनेमांत प्रेम करायची परवानगी कुणाला होती आणि नुसतं हसवायची कुणाला, असा माझा विषय होता. त्यासाठी मी त्या मोलकरणीला शोधलं. म्हणजे तिचं काम करणाऱ्या नटीला. ती पेठेत भाच्याच्या घरी राहात होती, सत्तरीच्या पुढची, सावळी, ताठ बसणारी.

तिनं मला चहा दिला आणि सरळ बोलायला सुरुवात केली. "मी हिरॉईन व्हायला आलतो बघ. गाणं येत होतं, नाच येत होता. डायरेक्टर म्हणाला, रंग न्हाय. बरं, रंग न्हाय तर न्हाय. पण मोलकरणीचं काम दिलं आणि तोंडाला आणखी काळं फासाय लागले. म्हणालो, अहो, मी हायच की काळी. तर म्हणाले, पडद्यावर तेवढं काळं दिसत न्हाय."

"आणि कानडी हेल?"

"मला कुठलं कानडी येतंय? स्टुडिओत झाडलोट करणारी एक बाई होती, चिकोडीकडची. दुपारी आम्ही दोघी एकत्र डबा खायचो. तिच्याकडनं उचललं सगळं. पिक्चर लागला तवा मीच तिला पास दिला. म्हटलं, बघ तरी माझं काम."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि पलीकडं झाडाखाली जाऊन बसली. पुन्हा माझ्याजवळ बसली न्हाय. चार महिन्यांनी काम सोडून गेली."

"तुम्ही तिला विचारलं नाही?"

"न्हाय. दुसरा पिक्चर आला, तिसरा आला, सगळ्यात तेच काम. तिला काय सांगायचं, ते मला सुचलं न्हाय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझं माहेर कुठलं म्हणालीस?"

"जयसिंगपूर."

"मग घरात कानडी असेल."

"थोडंसं," मी म्हणाले आणि वही बंद केली.

लेख चांगला झाला. झाडलोट करणाऱ्या बाईचं झाडाखाली जाऊन बसणं मी शेवटी घातलं. आपण कुणाच्या बोलीवर हसत आलो, याचा प्रत्येकानं विचार करावा, असंही लिहिलं. प्रत्येकानं म्हणजे वाचकांनी. कौतुकाची पत्रं आली. एका वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं. तिथं एका बाईंनी विचारलं, "इतकं बारीक तुम्हाला कसं काय दिसलं?" मी म्हणाले, "सिनेमे लक्ष देऊन बघितले, म्हणून." टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला ओळखीचा होता.

अप्पा माझे लेख दुकानात बसून वाचत आणि दुपारी घरी येऊन अव्वाला कानडीत सांगत. हाही त्यांनी सांगितला. संक्रांतीच्या आधी मी माहेरी गेले तेव्हा अव्वा कडक भाकरी थापत होती. मी समोर पाट घेऊन बसले. अप्पा दुकानात होते, घरात दोघीच.

तव्यावरची भाकरी उलटून ती कानडीत म्हणाली, "त्या झाडणाऱ्या बाईचं तू लिहिलंस. ती डबा खायला पुन्हा का बसली नाही, हे त्या नटीला विचारलंस?"

"विचारलं."

"मला कधी विचारलं नाहीस."

मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी रडेन, तिच्या गळ्यात पडेन. तसं काही झालं नाही. मी पाटावर बसून राहिले. तिनं दुसरा गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं. मग मी विचारलं, "तुला त्या दिवशी काय वाटलं?"

"पहिल्यांदा मलाही हसू आलं," ती म्हणाली. "सगळे हसत होते म्हणून. मग माझ्या शेजारच्या बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, अगदी आमच्या भांडीवालीसारखी हुबेहूब बोलते हो ही मुलगी. मी हो म्हटलं."

तव्यावरून धूर यायला लागला होता. तिनं भाकरी काढली.

"त्या पुढंही माझ्याशी बोलत होत्या. चांगल्या बाई होत्या. पण मी तोंड उघडलं असतं, तर त्यांना कळलं असतं. मग मी नुसती मान हलवत राहिले. नंतर तीच सवय लागली."

"अव्वा, माझं चुकलं."

"होय," ती म्हणाली. नाही गं, असू दे, लहान होतीस, असं ती काहीच म्हणाली नाही. तिनं मला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा जवळ ओढायला सांगितला आणि ताज्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

कोल्हापूरला परतल्यावर मी त्या गॅदरिंगवर लेख लिहिला, काही न वगळता. इरकल, पदर, सासूबाईंना दिलेलं उत्तर, सगळं. पुरवणीच्या संपादकांनी वाचून फोन केला. लेख मनापासूनचा आहे पण फार घरगुती आहे, मालेत बसत नाही, असं ते म्हणाले. मी वाद घालू शकले असते. दुसरीकडं पाठवू शकले असते. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला अजून लाज वाटते. तो लेख तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात अव्वा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं येऊन राहिली. कॉलेजातल्या माझ्या एक सहकारी तिला बघायला आल्या. मूळच्या पुण्याच्या, मोकळ्या स्वभावाच्या. मी चहाबरोबर अव्वानं आणलेल्या कडक भाकरीचे तुकडे आणि चटणी ठेवली. त्या खाऊन बघत अव्वाला म्हणाल्या, "हे कसं करता हो? इतकं पातळ?"

अव्वानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, एकाच डोळ्यानं बघितलं. मी मान हलवली. बोल की, असं मनात म्हणत होते. ती जरा सावरून बसली, ओठ किंचित पुढं काढले आणि मराठीत सांगायला लागली. पीठ कसं मळायचं, कडेनं कसं थापत जायचं, वाळवायचं कसं. हातांनी हवेत थापून दाखवलं. सहकारी कान देऊन ऐकत होत्या, त्यांना हसू वगैरे काही आलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी माझ्या माणसांसमोर ती इतकी वाक्यं सलग बोलत होती.

"नीट वाळवला की भाकरी महिनाभर टिकतो," ती म्हणाली.

"टिकते," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. वर्गात पोरांना सांगते तसं. अव्वा थांबली. "टिकते," तिनं माझ्यामागून म्हटलं, अगदी बरोबर म्हटलं. मग त्या सहकारी बाईंकडं बघून हसली, रिकामी बशी उचलली आणि भिंतीला हात लावत आत निघून गेली.